तोंडावर हात

मराठीत दातांचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. आपण एखाद्यावर दात धरतो, कोणाला विनवताना दातांच्या कण्या करतो, संतापलो की दातओठ खातो. पण तोंडातले दात पुढे आलेले किंवा वेडेवाकडे असतील, तर त्यांच्यासाठी सभ्य शब्द शोधावा लागतो. कोशात 'दंतुर' आहे. मला हा शब्द प्रथम भेटला तो भूगोलाच्या पुस्तकात. कोकणचा किनारा दंतुर असल्यामुळे तेथे नैसर्गिक बंदरे तयार झाली आहेत, अशा अर्थाचे ते वाक्य होते. गुरुजींनी 'दंतुर म्हणजे दातेरी' असे सांगितले आणि चाळीस-पंचेचाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. किनाऱ्याला ज्याने बंदरे मिळतात, त्याने माणसाला काय मिळते हे मला त्या वेळी ठाऊक झालेले होते. वर्गात माझे नाव 'किसणी' होते. खोबरे किसायचे असेल तर हिला बोलवा, ही उंबऱ्यात यायच्या आधी हिचे दात घरात येतात, वगैरे विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असावेत. आमच्या वर्गाने त्यांत नवी भर घातल्याचे आठवत नाही.

परंपरेचे या बाबतीतले वागणे दुटप्पी आहे. काव्यात दात कुंदकळ्यांसारखे किंवा डाळिंबाच्या दाण्यांसारखे हवेत. दुसरीकडे, दंतुर माणूस क्वचितच मूर्ख असतो, असा दिलासा देणारे एक संस्कृत सुभाषितही आहे. माझे आजोबा ते मला वारंवार ऐकवीत. घराघरांतले दैवत एकदंत आहे आणि त्याच्या मोडक्या दाताबद्दल कोणाच्या मनात कमीपणाची भावना नसते. माझा दुधाचा दात पडला की आजी तो तुळशीत पुरायची आणि बजावायची, 'जीभ लावू नकोस गं तिथे, वाकडा येईल.' मी जीभ लावली नाही. दात तरीही आले तसेच आले. पुढे वाचनात आले की त्यामागची कारणे साधी असतात. जबडा लहान आणि दात मोठे, असा वारसा आईवडिलांकडून मिळतो. अंगठा चोखण्याची सवय चार-पाच वर्षांपलीकडे टिकते. नाक चोंदल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेते. आणि आपल्याकडे फार वेळा घडणारी गोष्ट म्हणजे दुधाच्या दाढा किडून वेळेआधी काढाव्या लागतात. 'दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत' हे वाक्य कोणत्या घरात ऐकलेले नाही? वस्तुतः दुधाची दाढ मागाहून येणाऱ्या दाताची जागा राखून बसलेली असते. ती गेली की सहाव्या वर्षी उगवलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि तिच्या पुढच्या दातांना दाटीवाटीने, मिळेल तेथे उभे राहावे लागते.

माझे वरचे दोन दात खालच्या दातांच्या किती पुढे होते, हे पुष्कळ उशिरा, एका दंतवैद्याने सहज मोजले तेव्हा कळले. साडेसात मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटर सर्वसाधारण मानतात. म्हणजे वाजवीपेक्षा जास्त होते ते पाचेक मिलिमीटर, तांदळाच्या एका दाण्याएवढे. एवढ्या अंतराने लहानपणी काय काय व्यापले होते, याचा हिशेब मांडू लागले की अजूनही आश्चर्य वाटते. स्वस्थ बसले असता ओठ मिटत नसत, ते मिटावे लागत. हिवाळ्यात ओठ फुटायचे आणि रात्रभर उघड्या राहिलेल्या हिरड्या सकाळी दुखायच्या. व्याकरणाच्या तासाला वर्णांची उच्चारस्थाने आली. बाई म्हणाल्या, प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, ओठाला ओठ लागल्याशिवाय त्यांचा उच्चार होत नाही. मी बाकाखाली मान घालून करून पाहिले. माझा 'प' खालचा ओठ आणि वरचे दात मिळून तयार होत होता. ऐकणाऱ्याला फरक कळत नसेलही, पण त्या दिवसापासून मोठ्याने वाचायची वेळ आली की परिच्छेदात किती 'प' आणि किती 'म' आहेत, हे मी आधी मोजू लागले. स्वतःची पाळी येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात जाई. धडा काय होता, हे घरी जाऊन पुन्हा वाचावे लागे. हसताना तोंडावर हात कधीपासून जाऊ लागला ते सांगता येणार नाही. नातेवाईक त्याला विनय समजत आणि मुलीच्या जातीला शोभते म्हणून कौतुकही करीत.

हे सगळे १९८१च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. मी बारा वर्षांची होते. गावात दाताचे डॉक्टर होते, ते दात काढायचे. दात सरकवता येतात ही कल्पना आमच्या घरापर्यंत पोचलेली नव्हती, आणि पोचली असती तरी उपयोग नव्हता. वडील म्हणत, 'चेहऱ्यात काय आहे? अभ्यास कर.' आई म्हणे, 'मोठी झालीस की काही वाटणार नाही.' दोघांचीही माया खरी होती आणि दोघांचेही म्हणणे, पुढे दिसेल त्याप्रमाणे, बऱ्याच अंशी बरोबर ठरले. तरी ते मला तेव्हा उपयोगी पडले नाही.

वैद्यकालाही वाकड्या दातांविषयी बराच काळ एवढेच ठाऊक होते की ते वाकडे आहेत. अमेरिकेतील एडवर्ड अँगल याने १८९९ मध्ये वरची आणि खालची पहिली पक्की दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. ती विभागणी आजही जगभर शिकवली जाते. चेहऱ्याच्या सौंदर्याचा आदर्श म्हणून त्याने अपोलो बेल्व्हेडेर या प्राचीन पुतळ्याकडे बोट दाखवले होते. संगमरवरी पुतळ्याला वर्गात उभे राहून वाचावे लागत नाही, हा मुद्दा तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा. पुढे मोजमापे अधिकाधिक नेमकी होत गेली. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रुक आणि शॉ यांनी उपचाराची निकड ठरवणारी एक मोजपट्टी तयार केली. तिचा एक भाग मिलिमीटरांचा आहे, तर दुसरा दहा छायाचित्रांचा, आपले दात त्यांपैकी कोणत्या चित्राच्या जवळचे आहेत हे सांगणारा. तेथील सरकारी आरोग्यसेवा अठरा वर्षांखालील मुलांना मोफत उपचार द्यायचा की नाही, हे या मोजपट्टीवरून ठरवते. त्या पट्टीवर माझे साडेसात मिलिमीटर पाचांपैकी चौथ्या पायरीवर बसतात. म्हणजे मी वेल्समध्ये जन्मले असते तर मला तारा मिळाल्या असत्या.

पण मिलिमीटर मोजणाऱ्याला मुलाचा दिवस कसा जातो ते दिसत नाही. याच विल्यम शॉ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या सुमारास शाळकरी मुलांना, तुम्हाला कशावरून चिडवतात, असे सरळ विचारले होते. इतर व्यंगांवरून केलेल्या थट्टेपेक्षा दातांवरची थट्टा मुलांना अधिक लागते, असे त्यांना आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत, दातांच्या उपचारासाठी आलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १३ टक्के मुले शाळेत छळ सोसत असल्याचे दिसले. म्हणजे आठांत एक. टोरांटो येथील अलेक्सांड्रा जोकोविच, डेव्हिड लॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ३७ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. गेल्या तीन महिन्यांत दात, ओठ किंवा जबडा यांमुळे काय काय झाले, असे ती विचारते. दुखले का, चावायला त्रास झाला का, हे प्रश्न तिच्यात आहेतच. पण इतर मुलांसमोर हसणे टाळलेस का, वर्गात मोठ्याने वाचायला नको वाटले का, हेही आहेत. ही प्रश्नावली मी वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा वाचली आणि दुसऱ्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबले. जगात कोणीतरी हा प्रश्न छापून ठेवला होता.

या पद्धतीने देशोदेशी झालेल्या पाहण्या एकत्र वाचल्या की एक चित्र उभे राहते. पुढच्या दातांच्या वाकडेपणामुळे मुलांच्या चावण्यागिळण्यात त्या मानाने कमी अडथळा येतो. घाव बसतो तो मनावर आणि चारचौघांत वावरण्यावर. शिवाय दात किती वाकडे आहेत आणि मूल किती दुखावले आहे, या दोहोंचा मेळ सैल आहे. थोड्याशा वाकड्या दाताने एखादे मूल कोमेजते, तर दुसरे भरपूर पुढे आलेले दात मिरवीत सगळ्या गल्लीवर राज्य करते. मुलाचा आत्मविश्वास मुळात किती आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणूनच मुलाला विचारावे लागते. त्याच टोरांटोच्या गटाने पालकांसाठीही प्रश्नावली केली, तेव्हा आईबापांची उत्तरे मुलांच्या उत्तरांशी पुरती जुळत नाहीत, हे दिसून आले. पालकांच्या त्या प्रश्नावलीत 'माहीत नाही' असाही एक पर्याय आहे. तो ठेवणाऱ्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यातले एक जगप्रसिद्ध उदाहरण सांगण्याजोगे आहे. झांजिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या निवासी शाळेत आला. त्याच्या तोंडात मागच्या बाजूला चार जादा दात होते आणि त्यांनी पुढचे दात बाहेर ढकलले होते. शाळेत त्याला 'बकी' म्हणत. पाचगणीतच त्याने मित्रांबरोबर पहिला वाद्यवृंद काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. आता दातांवर उपचार करून घेण्याइतका पैसा त्याच्याकडे होता, पण दात हलवले तर आवाज बिघडेल अशी त्याला भीती वाटे, म्हणून त्याने ते तसेच ठेवले. हजारोंच्या गर्दीपुढे तो संकोच न करता तोंड उघडून गात असे. मात्र मुलाखतीत बोलताना, हसताना त्याचा वरचा ओठ खाली ओढला जाई किंवा हात तोंडाकडे जाई. चित्रफितींत हे आजही पाहता येते. यातून काय सिद्ध होते? दात पुढे असूनही माणूस कुठल्या कुठे जातो, असे म्हणणारे म्हणतील. मला मात्र तो हात दिसतो. पाचगणी सोडून वीस-वीस वर्षे झाली तरी तो तेथेच होता.

आता त्या अभ्यासाविषयी, जो माझ्या आईच्या बाजूने साक्ष देतो. १९८१ साली वेल्समधील कार्डिफ शहरात ११-१२ वर्षांच्या हजारावर मुलांची दातांची आणि मनाची तपासणी झाली. ती मुले आणि मी एका वयाची. काहींना पुढे तारा लागल्या, काहींना गरज असूनही लागल्या नाहीत. वीस वर्षांनी त्यांच्यापैकी तीनशेहून अधिक जणांना पुन्हा तपासण्यात आले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्यांचे दात अधिक सरळ होते आणि आपल्या दातांबद्दल ते अधिक समाधानी होते. पण आत्मसन्मान, मनःस्वास्थ्य या बाबतींत उपचाराने पडलेला फरक जवळजवळ नगण्य होता. गरज असूनही उपचार न मिळालेली मुले तिशीत पोचली तेव्हा दुःखी निघाली नाहीत.

माझ्यापुरते बोलायचे तर मला हे पटते. मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. दिवसाचे चार-चार तास मुलांसमोर बोलत राहिले आणि 'प'ची मोजदाद केव्हा सुटली ते कळलेही नाही. संसार झाला, मित्रमंडळी झाली. कार्डिफच्या संशोधकांनी मला तपासले असते, तर त्यांचा निष्कर्ष माझ्यामुळे बदलला नसता. तरीही हा अभ्यास कोणी 'मग तारांची गरजच काय?' अशा थाटात पुढे केला की माझे पित्त खवळते. बारा वर्षांच्या मुलीच्या त्रासाची किंमत तिच्या तिशीत जाऊन का ठरवायची? सहावी ते दहावी ही पाच वर्षे म्हणजे तेव्हाच्या माझ्या आयुष्याचा तिसरा हिस्सा होता. तो पुढे विरला, म्हणून तो घडलाच नाही असे होत नाही. दाढ दुखणाऱ्या मुलाला, वीस वर्षांनी हे तुझ्या लक्षातही राहणार नाही, असे सांगून आपण घरी पाठवत नाही. तेथे दुखणे आजचे असते आणि औषधही आजच देतो.

गंमत अशी की उपचाराच्या बाजूने बोलणारेही भविष्याचाच आधार घेतात, आणि आपल्याकडे भविष्य म्हणजे मुलीचे लग्न. पाहायला आलेल्या मंडळींनी मुलीला नाव विचारायचे ते तिचे नाव माहीत नसते म्हणून नव्हे. ती बोलली, हसली की दात दिसतात. माझ्या कित्येक विद्यार्थिनींच्या तोंडात पदवीच्या शेवटच्या वर्षाला अचानक तारा दिसू लागत. ज्या वयात तिला मैत्रिणींबरोबर खळखळून हसायचे होते, त्या वयात दातांवर खर्च करण्याइतके कारण कोणाला दिसले नव्हते. ते स्थळे पाहू लागल्यावर दिसले.

उलट बाजूनेही काही म्हणायला हवे. सरळ दात ही आता बाजारातली वस्तू झाली आहे. शहरांतल्या मोठमोठ्या फलकांवर एकाच साच्यातून काढल्यासारखी हास्ये झळकतात. सुरेख चेहऱ्याचा आदर्श एकच असतो, हेही खरे नाही. जपानमध्ये किंचित पुढे आलेला, दातावर दात चढल्यासारखा सुळा गोड समजला जातो आणि मध्यंतरी तेथील काही तरुणी पैसे देऊन तसा सुळा करवून घेत होत्या. तेव्हा प्रत्येक वाकडा दात सरळ झालाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. पुढे आलेल्या दातांना पडण्याधडपडण्यात मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, एवढे वैद्यकीय कारण सोडले, तर बाकीचा निर्णय ज्याचे तोंड त्याला विचारून व्हावा. मूल खुशीत असेल तर त्याच्या दातांमागे लागू नये.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याला असते. तिचेही दात माझ्यासारखेच, म्हणजे वारसा कुठून आला ते उघड आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ती बारा वर्षांची मुलगी, घरात सगळे वैतागलेले असताना, कधी नव्हे इतकी आनंदी दिसू लागली. पुढे शाळा उघडल्या, हळूहळू मुलांच्या तोंडांवरचे मास्क उतरले. हिचा उतरेना. सक्ती संपली तरी ती मास्क लावूनच जाई, डबा खायला जिन्याखाली जाऊन बसे. वहिनीला वाटले, पोरगी आजाराला घाबरली आहे. 'माहीत नाही' हा पर्याय असा असतो.

२०२२ मध्ये तिला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले, तेव्हा मीही बरोबर होते. 'काय त्रास होतो गं तुला?' त्यांनी विचारले. वहिनी सांगू लागली, तसे त्यांनी हातानेच थांबवले आणि मुलीकडे पाहत राहिल्या. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, 'जेवताना तोंड मिटत नाही. सगळ्या बघतात.' तिच्या तोंडून एवढेच निघाले, आणि तेही आम्ही प्रथमच ऐकत होतो.

जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागणार होत्या. भाऊ बिथरला. 'चांगले दात काढायचे?' हा वाद फार जुना आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अँगल दात काढण्याच्या कट्टर विरोधात होता. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने, पुन्हा पुढे सरकलेल्या दातांचे रुग्ण पाहून, नंतर तेच काम चार उपदाढा काढून नव्याने केले आणि गुरूच्या पंथाचा रोष ओढवून घेतला. भावाला हे सगळे सांगण्यापेक्षा तो खर्चाचा आकडा ऐकून गप्प झाला, हे अधिक खरे. रक्कम काही दहा हजारांत जाते आणि ती दोन वर्षे हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात होते, पण दर महिन्याला मुलीला घेऊन तेथवर जाणे आणि पालकांची रजा, हाही खर्चच. माझ्या गावच्या मुलीला आजही तारा लागतील, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तारा लागल्या त्या आठवड्यात तिचे हाल झाले. गालाला आतून फोड आले, वरणात कालवलेला भातही चावेना. चिक्की, भाजलेले कणीस, ऊस, पेरू सगळे बंद. संक्रांतीला तिळाचा कडक लाडू हातात घेऊन ती नुसती पाहत बसली. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात मुलांचे जगणे आधीपेक्षा अवघड होते, हे त्या प्रश्नावल्यांनीच दाखवून दिले आहे आणि पालकांना ते आधी सांगायला हवे. पण मास्क मात्र दुसऱ्याच महिन्यात सुटला. दात अजून तसूभरही हलल्यासारखे दिसत नव्हते. मी विचारले तर म्हणाली, 'आत्या, वर्गात सात जणींना तारा आहेत. आता मी तारावाली आहे.'

२०२४ मध्ये तारा निघाल्या. आता रात्री झोपताना रिटेनर लावायचा असतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात. तो बहुधा तिच्या टेबलावर निळ्या डबीत पडलेला असतो. वहिनी रोज ओरडते, इतके पैसे ओतले म्हणून. परवा मी तिला म्हटले, अगं, डॉक्टर म्हणाल्या ना, सरकतील. ती मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, 'थोडे सरकले तर सरकू देत.'